रोमहर्ष : एक धातू, दोन वारसे

अंगावर रोमांच का उभे राहतात, याचे शारीरिक उत्तर आज बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. थंडीने अथवा तीव्र भावनेने अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते, केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात आणि केस ताठ होतात. दाट केसांच्या प्राण्यांना यामुळे ऊब मिळते. शत्रूसमोर त्यांचा आकारही मोठा भासतो. चार्ल्स डार्विनने १८७२ मधील भावाभिव्यक्तीविषयक ग्रंथात केस उभारण्याचा संबंध प्रामुख्याने भय व क्रोध यांच्याशी जोडला. माणसात या क्रियेचा उपयोग जवळजवळ संपला. क्रिया मात्र उरली. तिला अर्थ देण्याचे काम भाषा आणि वाङ्मयपरंपरा करतात.

नाट्यशास्त्राने रोमांचाची गणना आठ सात्त्विक भावांत केली आहे. स्पर्श, भय, शीत, हर्ष, क्रोध आणि रोग अशी त्याची कारणे भरताने सांगितली आहेत. म्हणजे रोमांच हे कोणत्याही एका भावनेचे प्रमाणपत्र नव्हे, हे या परंपरेला प्रारंभापासूनच ठाऊक होते.

तौलनिक दृष्टीने शब्दांचा इतिहास अधिक बोलका आहे. संस्कृतातील ‘हृष्’ आणि लॅटिनमधील ‘होरेरे’ हे धातू भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळातले मानतात. केस ताठ होणे हा दोहोंचा समान अर्थ. संस्कृतात त्यापासून ‘हर्ष’ झाला, लॅटिनमधून ‘हॉरर’ आला. लॅटिनमध्ये त्या शब्दाला पूज्यभावाने येणाऱ्या कंपाची छटाही होती; आधुनिक इंग्रजीत ती मागे पडून भय व किळस यांचा अर्थच प्रबळ झाला.

गीतेने मात्र हे दोन्ही अर्थ जवळ ठेवले आहेत. पहिल्या अध्यायात अर्जुनाला रोमहर्ष होतो तो विषादाने. अकराव्यात विश्वरूप पाहून तो पुन्हा रोमांचित होतो, तो विस्मयाने. आणि पुढे आपण हर्षित झालो असून मन भयाने व्याकूळ आहे, असे एकाच श्लोकात सांगतो. अठराव्यात संजय संपूर्ण संवादालाच रोमहर्षण म्हणतो. विषादाचे चिन्ह अखेरीस कृतार्थतेचे होते. शरीर तेच, अर्थ पालटलेला. ज्ञानेश्वरीने अकराव्या अध्यायात सात्त्विक भावांचा विस्तार केला, तेव्हा ते चिन्ह भक्तीच्या अनुभवात रुजले.

आजच्या मराठीत मात्र वाटणी झालेली दिसते. भयाने ‘काटा’ येतो, आनंदाने ‘रोमांच’ उभे राहतात. पहिल्या अध्यायात ‘काटा’ आणि अकराव्यात ‘रोमांच’ असे शब्द योजणारा अनुवादक प्रत्येक ठिकाणी अचूक असतो. परंतु दोन स्थळांना जोडणारा धागा त्याच्या हातून सुटतो. इंग्रजी अनुवादकाची अडचण याहून मोठी आहे, कारण त्याच्या भाषेत या धातूचा हर्षाकडे जाणारा वारसाच नाही.

म्हणून रोमांचाला वैश्विक मानवी प्रतिसाद म्हणून थांबणे समीक्षेला पुरेसे नाही. वैश्विक आहे ती त्वचेची क्रिया. तिच्यातून भय वाचायचे की हर्ष, हे प्रत्येक भाषा ठरवते. आणि तौलनिक अभ्यासाचा विषय आहे तो हा निर्णय.