शिकणाऱ्याकडे सोपविलेले शिकविणे : जूदोच्या वर्गातील नवखा साहाय्यक

जूदो, कराटे इत्यादी युद्धकलांच्या वर्गांत एक प्रथा इतकी रुळून गेली आहे की, तिचे परीक्षण करावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मुले चाळीस-पन्नास आणि शिक्षक एक, अशी स्थिती असली म्हणजे वर्ष-दीड वर्ष शिकलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला पुढे बोलावून नवागतांची तुकडी त्याच्या स्वाधीन केली जाते. त्याच्या कमरेचा पट्टा इतरांच्या पट्ट्याहून वेगळ्या रंगाचा आहे, एवढ्यावर त्याची पात्रता सिद्ध झालेली असते. या प्रथेच्या समर्थनार्थ दोन गोष्टी सांगितल्या जातात. शिकविल्याने शिकविणाऱ्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होते, ही पहिली; आणि जूदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनीही ऐन तारुण्यात, स्वतः शिकत असतानाच, इतरांना शिकविले, ही दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तपासून घेण्याजोगा आहे. कारण पहिल्या विधानात लाभ सांगितला आहे तो साहाय्यकाचा, आणि ज्याच्या अंगावर हा लाभ साधला जातो त्या नवशिक्याचा तेथे उल्लेखही नाही.

थोरल्या मुलाने धाकट्यास शिकवावे ही कल्पना या देशास नवी नाही. पंतोजींच्या शाळेत हेच चाले. मद्रासच्या एग्मोर येथील, सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी चालविलेल्या शाळेचा अधीक्षक अँड्र्यू बेल याने देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे गिरविताना पाहिले, ती रीत उचलली, आणि जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलास लहानग्यांची मुळाक्षरे घेण्यास बसविले. १७९७ मध्ये बेलचा वृत्तांत लंडनला प्रसिद्ध झाला. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या नावाशी जोडली गेलेली तशीच पद्धत मुंबई इलाख्यातील आरंभीच्या इंग्रजी अमदानीतल्या शाळांत येऊन पोचली. मद्रासची वाळू लंडनमार्गे मुंबईस यावी, हा प्रवास मोठा गमतीचा खरा. पण त्या वाळूतच या पद्धतीच्या यशाचे मर्म आहे. फ्रिस्केनने अक्षराचे वळण चुकीचे शिकविले तर हाताने वाळू सारखी करून ते पुन्हा काढता येत होते. जूदोच्या वर्गात अक्षर उमटते ते दुसऱ्याच्या देहावर, आणि तेथे पुसण्याची सोय नाही.

आता कानोंच्या उदाहरणाकडे वळावे. १८७७ मध्ये ते तेन्जिन शिन्यो परंपरेतील फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सु शिकू लागले. १८७९ मध्ये फुकुदा वारले आणि त्यांच्या शाळेची हस्तलिखिते कुटुंबीयांनी कानोंच्या हवाली केली. त्यानंतर कानो त्याच परंपरेतील इसो मासातोमो यांच्याकडे गेले. इसो वृद्ध व आजारी असल्याने शिकविण्याचा बराच भार विशीतल्या या विद्यार्थ्यावर पडला. १८८१ मध्ये इसोही वारले. येथपर्यंतचा वृत्तांत समर्थकांच्या बाजूचाच आहे. परंतु यानंतर कानोंनी जे केले त्याकडे दुर्लक्ष केले जाते. दोन गुरूंच्या पश्चात शाळा चालविण्याइतका अधिकार हाती असताना ते कितो परंपरेतील ईकुबो त्सुनेतोशी यांच्यापुढे पुन्हा शिष्य म्हणून उभे राहिले. १८८२ मध्ये तोक्योतील एइशोजी मंदिरात बारा चटयांच्या जागेवर कोदोकानचा आरंभ झाला तेव्हा विद्यार्थी अवघे नऊ होते, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस ईकुबो स्वतः तेथे येऊन शिकवीत. म्हणजे बावीस वर्षांच्या आतला हा शिक्षक नऊ जणांना शिकवीत होता, तोही डोक्यावर एका जाणत्याची दृष्टी ठेवून. पन्नासांच्या वर्गात कोपऱ्यातील तुकडी सांभाळणाऱ्या, शिक्षकाची पाठ ज्याच्याकडे आहे अशा मुलाशी या चित्राचे साम्य केवळ वयापुरतेच आहे.

पट्ट्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. १८८३ मध्ये कानोंनी तोमिता त्सुनेजिरो आणि सायगो शिरो यांना ‘शोदान’ ही श्रेणी दिली. दोघेही तेव्हा विशीच्या आतले होते. या शब्दाचा अर्थ ‘आरंभीची पायरी’ असा आहे. ज्या काळ्या पट्ट्याला आज लोक प्रावीण्याची खूण समजतात ती मुळात प्राथमिक तयारी संपल्याची, खऱ्या शिक्षणास आरंभ झाल्याची खूण होती. पुढे १९२० व १९३० च्या दशकांत युरोपात पांढऱ्या व काळ्या पट्ट्यांच्या मध्ये पिवळा, नारिंगी, हिरवा अशा रंगांची शिडी उभी राहिली आणि तीच जगभर पसरली. मुलांचा उत्साह टिकविण्यास ती उपयोगी पडली यात संशय नाही. पण शिडीवर जितक्या पायऱ्या अधिक, तितके प्रत्येक पायरीवर खालच्याकडे पाहणारे अधिक. आणि शिकण्याची मोजणी करणारे साधन शिकविण्याच्या अधिकाराचे साधन कधी झाले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

नवख्या साहाय्यकाला डाव येत नाही, असा आक्षेप बहुधा घेतला जातो. तो वरवरचा आहे. पुष्कळदा त्याला डाव चांगला येतो. त्याला दिसत नाही ते समोरचे शरीर. ओसोतोगारी हा डाव घ्यावा. प्रतिस्पर्ध्याला एका टाचेवर झुकवून, त्या पायामागे आपला पाय घालून, त्याला मागे उताणे पाडावयाचे, असा हा डाव. तो समजण्यास सोपा म्हणून आरंभीच शिकविला जातो. परंतु त्यात पडणारा पाठीकडे जातो, जमीन त्याला दिसत नाही आणि त्याचे डोके शरीराच्या मागोमाग झटक्याने जमिनीकडे येते. हनुवटी छातीला टेकलेली असावी, दृष्टी स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर असावी, हाताचा पसरट फटका चटईवर बसावा. आणि पाडणाऱ्याने धरलेली बाही अखेरपर्यंत सोडू नये, कारण तिच्यामुळेच पडणाऱ्याच्या खांद्याला वर ओढ मिळून डोके सावरते. जाणता शिक्षक डाव चालू असताना पाडणाऱ्याच्या पायाकडे क्वचितच पाहतो. त्याची नजर पडणाऱ्याच्या मानेवर आणि पाडणाऱ्याच्या बाही धरलेल्या हातावर असते. मान किंचित ताठ झाली, मुलाने भीतीने हात मागे टेकला, दहाव्या पतनानंतर हनुवटी सैल पडली, कालपासून डोके दुखते असे कोणी हलक्या आवाजात म्हणाले, की तो थांबवितो. साहाय्यकाचे लक्ष या वेळी कोठे असते? ते डावावर असते. कारण त्याला स्वतःला डाव अद्याप पुरता पचलेला नसतो आणि आपली चूक दिसू नये ही चिंता त्याचे उरलेले लक्ष खाऊन टाकते. त्याच्या हलगर्जीपणाचा हा प्रश्न नाही. अवधान एकच असते, आणि ते दोन ठिकाणी वाटता यावे इतका सराव त्याला झालेला नसतो.

याचे मोल जपानने मोजले आहे. १९८३ नंतरच्या तीन दशकांत तेथील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत जूदोच्या अपघातांत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. मृत्यूचे प्रमुख कारण डोक्याची इजा हे होते, आणि मृतांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण ठळकपणे अधिक होते. डोके जमिनीवर आपटलेच पाहिजे असे नाही. झटक्याने फिरल्यानेही मेंदूवरील शिरा तुटून रक्तस्राव होतो, हे आज वैद्यकशास्त्राला माहीत आहे, पण सोळा वर्षांच्या साहाय्यकाला ते कोणी सांगितलेले नसते. शालेय संघांत ज्येष्ठ विद्यार्थ्याने कनिष्ठाचा सराव घ्यावा ही जपानी रीत जुनी आहे, आणि ज्येष्ठाला ‘दमलो’ असे म्हणणे हा तिच्यात उद्धटपणा ठरतो. एप्रिल २०१२ पासून युद्धकला माध्यमिक शाळांत अनिवार्य झाल्या तेव्हा थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर जूदो शिकविण्यास उभ्या राहणाऱ्या शिक्षकांबद्दल पालकांनी चिंता व्यक्त केली, आणि राष्ट्रीय जूदो महासंघाने मार्गदर्शकांसाठी पात्रतेची पद्धत २०१३ मध्ये लागू केली. फ्रान्सने जूदो शिकविण्याच्या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा नोव्हेंबर १९५५ मध्येच केला होता. ज्या देशात ही कला जन्मली त्याने तिचे शिकविणे परंपरेच्या भरवशावर सोडावे, आणि ज्याने ती बाहेरून आणली त्याने ते कायद्याच्या कक्षेत घ्यावे, हा विरोध विचार करण्यासारखा आहे. परंपरेवर विश्वास असणे वेगळे आणि परंपरेतील जाणती माणसे वर्गात उपस्थित असणे वेगळे.

अनुकरणाचा दोष याहून सूक्ष्म आहे. कानोंनी आपल्या आठवणींत सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. एक डाव कसा झाला असे त्यांनी विचारले तेव्हा फुकुदांनी उत्तरादाखल त्यांना पुन्हा पाडले, पुन्हा विचारले तेव्हा पुन्हा पाडले, आणि हे प्रश्नांनी समजत नसते असे सुनावले. फुकुदांच्या या कठोरपणामागे दीर्घ साधना होती. किती जोराने पाडावे हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. नवख्याला त्यातील पाडणे तेवढे उचलता येते. खुद्द कानोंना ही पद्धत अपुरी वाटली असावी, असे मानण्यास जागा आहे. कारण त्यांच्या शिक्षणक्रमात कवाइती आणि मोकळ्या झुंजीच्या बरोबरीने व्याख्यान आणि ‘मोन्दो’, म्हणजे प्रश्नोत्तरे, यांनाही स्थान मिळाले. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुखपद अनेक वर्षे सांभाळणाऱ्या माणसाला हे सुचणे स्वाभाविकच होते. प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर विद्येचा साठा पाठातील डावापेक्षा मोठा लागतो. साहाय्यकाचा साठा नेमका पाठाइतकाच असतो; म्हणून प्रश्न आला की तो आवाज चढवितो.

तरीही एका बाबतीत साहाय्यकाची बाजू शिक्षकाच्या बाजूहून बळकट आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अन्यायाचे होईल. पडण्याची भीती कशी असते हे वीस वर्षे पडत आलेला शिक्षक विसरून गेलेला असतो. गेल्या वर्षी जो स्वतः भ्याला त्याला ती आठवते. हे जवळचे स्मरण मोलाचे आहे. प्रश्न इतकाच की, ते कोणत्या जागेवरून उपयोगी पडते. जपानच्या जुन्या खड्गविद्येच्या शाळांत जोडीच्या कवाइतींत हरणारी बाजू ज्येष्ठाकडे असते. वार ज्येष्ठ करतो, पण अखेर विजयाची हालचाल कनिष्ठाकडून करवून घेतो, कारण अंतर आणि क्षण राखण्याचे कठीण काम घेणाऱ्यालाच करावे लागते. महाराष्ट्रातील तालमींतही वस्ताद नव्या पठ्ठ्याला डाव सांगताना स्वतः खाली बसतो, पकड देतो, आणि डाव आपल्या अंगावर करवून घेतो. वस्ताद एक डाव राखून ठेवतो असे म्हणतात. नवख्या साहाय्यकापाशी राखून ठेवण्याजोगे काहीच नसल्याने तो असलेला एकुलता डाव समोरच्यावर पुनःपुन्हा करून दाखवितो. त्याला मिळालेली जागा उलटी आहे. तो पाडणारा म्हणून उभा केला जातो; त्याने उभे राहावयाचे ते पडणारा म्हणून.

या जागी ठेवलेला साहाय्यक वर्गाला खरोखर उपकारक ठरतो. नवागताने केलेला डाव आपल्या शरीरावर घेणे, हनुवटी कशी टेकवावी हे पडून दाखविणे, सुटलेली बाही पुन्हा त्याच्या मुठीत देणे, पतनांची संख्या मोजणे, ही कामे वर्ष-दीड वर्षाच्या विद्येत बसणारी आहेत, आणि त्यांत त्याचे स्वतःचे शिकणेही अधिक वेगाने होते. दोन नवागतांची मोकळी झुंज लावणे, दुरुस्ती सांगणे आणि दुखापतीचा निर्णय घेणे ही कामे त्याच्याकडे असू नयेत. अपवाद एका अधिकाराचा. कोणाचे डोके दुखते असे कानावर येताच संपूर्ण वर्ग थांबविण्याची मुभा त्याला असावी, मग त्या वेळी शिक्षक स्वतः चटईवर डाव दाखवीत का असेना.