जुना सीआरओ, त्याचं मॅन्युअल आणि जिम विल्यम्सशी थोडं भांडण

जिम विल्यम्स यांचा 'द इम्पॉर्टन्स ऑफ फिक्सिंग' हा निबंध तुम्ही अजून वाचला नसेल, तर पीएचडीला नाव नोंदवायच्या आधी वाचून घ्या. १९९५ साली आलेल्या 'द आर्ट अँड सायन्स ऑफ ॲनालॉग सर्किट डिझाइन' या पुस्तकात तो आहे. पुस्तकाचं संपादनही त्यांचंच. विल्यम्स (१९४८–२०११) यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. तरी एमआयटीत त्यांनी दहाएक वर्षं काम केलं, मग नॅशनल सेमीकंडक्टर, आणि १९८२ पासून शेवटपर्यंत लिनिअर टेक्नॉलॉजी. टेक्ट्रॉनिक्सचे जुने ऑसिलोस्कोप विकत घ्यायचे आणि दुरुस्त करायचे हा त्यांचा छंद. ते गेल्यावर कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं त्यांचं पसाऱ्यानं भरलेलं कामाचं टेबल प्रदर्शनात मांडलं होतं. फोटो शोधून बघा. आपापल्या टेबलाबद्दल जरा बरं वाटेल.

निबंधाचं म्हणणं सरळ आहे. सर्किट डिझाइन शिकायचं असेल तर दुसऱ्यानं मन लावून बनवलेलं एखादं चांगलं उपकरण बिघडलेल्या अवस्थेत घ्या आणि ते चालू करा. हे मला शंभर टक्के पटतं. पाठ्यपुस्तकातलं सर्किट कायम चालू असतं. त्याला प्रश्न विचारायला काही कारणच नसतं. बंद सर्किट मात्र तुम्हाला एकेक भाग 'तू इथे का आहेस' असं विचारायला लावतं. आणि त्यातही ॲनालॉग ऑसिलोस्कोप, म्हणजे आपला सीआरओ, याच्याइतका चांगला मास्तर मिळणं कठीण. पॉवर सप्लाय, अँप्लिफायर, ट्रिगर, स्वीप, काही हजार व्होल्टचा विभाग आणि पिक्चर ट्यूब हे सगळं एका खोक्यात, आणि बहुतेक सुटे भाग डोळ्यांना दिसणारे, डागणीनं काढता येणारे.

माझं भांडण निबंधातल्या जोरावर आहे. तो वाचून मनात राहतो तो माणूस: हुशार, हट्टी, रात्री जागणारा. आपल्याकडची मुलं असं काही वाचतात आणि ठरवतात की हे अंगातच असावं लागतं. पण विल्यम्सच्या आवडत्या टेक्ट्रॉनिक्स यंत्रांमागे दुसरंही काहीतरी उभं होतं, आणि संशोधन करू पाहणाऱ्यांनी आधी त्याकडे बघावं असं मला वाटतं. ते म्हणजे सर्व्हिस मॅन्युअल.

टेक्ट्रॉनिक्स ४६५ घ्या. १९७२चा, १०० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा, उचलून नेता येईल असा सीआरओ. आजही जुन्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्यांचा लाडका. त्याचं मॅन्युअल इंटरनेटवर सहज मिळतं. ते एक पुस्तक म्हणून वाचा, असं मी मुद्दाम सांगतोय. आधी यंत्र काय करू शकतं ते, मग प्रत्येक सर्किट कसं चालतं याचं सलग गद्यातलं वर्णन, मग बिघाड कसा शोधायचा, मग तपासणी आणि जुळवणी, शेवटी सुट्या भागांची यादी आणि आकृत्या. आकृत्यांवर जागोजागी व्होल्टेज आणि तरंगाचे आकार छापलेले. खरी गंमत पुढे आहे. ते आकडे मोजताना पुढच्या पट्टीवरची बटणं कुठे होती, इनपुटला काय जोडलं होतं, हेही तिथेच लिहिलेलं असतं. नुसतं 'इथे इतके व्होल्ट' असं नाही. 'अमुक परिस्थितीत इथे इतके व्होल्ट'.

आता तुमच्या विभागातला एखादा जुना प्रबंध उघडा आणि त्यातल्या कुठल्याही आलेखाला हाच प्रश्न विचारा. परिस्थिती कुठे लिहिली आहे? मी विचारून पाहिलंय. उत्तर फारसं आनंददायी नाही.

याच कंपनीची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला मॅन्युअलपेक्षाही बोलकी वाटते. ट्यूबच्या काळातल्या टेक्ट्रॉनिक्स यंत्रांत भाग जोडायला चिनीमातीच्या पट्ट्या असत, त्यांच्या खाचांना चांदीचा मुलामा. साधं कथिल-शिशाचं सोल्डर वापरलं तर ते ती चांदी स्वतःत विरघळवून घेतं आणि जोड सुटतो. म्हणून थोडी चांदी मिसळलेलं सोल्डर लागतं. तर कंपनी काय करायची? त्या खास सोल्डरची छोटी गुंडाळी यंत्राच्या आतच ठेवून द्यायची. आपलं यंत्र कधीतरी बिघडेल, कोणीतरी अनोळखी माणूस ते उघडेल, आणि त्या वेळी त्याच्या हाताशी काय लागेल, इतका विचार बनवणाऱ्यानं केलेला होता.

मॅन्युअलमध्ये खोट नाही असं नाही. कंपनीनं स्वतः बनवलेल्या आयसी, ज्यांचे क्रमांक १५५ ने सुरू होतात, त्यांच्या आत काय आहे हे ते फारसं सांगत नाही. तो काळा डबा आहे आणि बदली डबा आमच्याकडून मागवा, असा एकूण सूर. तो डबा आज मिळतो तो दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढलेला. आणि जुळवणीच्या प्रकरणात मागितलेली उपकरणं बघितली तर वाटतं, एवढं सगळं असतं तर हा जुना सीआरओ कशाला दुरुस्त करत बसलो असतो? श्रीमंत प्रयोगशाळेला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं पुस्तक आहे ते.

आपल्याकडची अडचण निराळीच. आपल्या कॉलेजांत ४६५ क्वचितच. आपल्याकडे २० मेगाहर्ट्झचे सीआरओ: कुठे ठाण्याच्या ॲप्लॅबचा, कुठे जर्मन हामेगच्या आराखड्यावर इंदूरच्या 'सायंटिफिक'नं बनवलेला एचएम २०३. यंत्रं चांगली. पण सोबतचं पुस्तक कपाटात, कपाटाची किल्ली निवृत्त झालेल्या सरांकडे, आणि यंत्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेलं, त्यामुळे स्क्रू फिरवायची कोणाची छाती नाही. मग एक दिवस निर्लेखन आणि भंगार. असंच एक यंत्र मी भंगारात जाताना पाहिलंय. कॉलेजचं नाव सांगत नाही. तुमचंही असू शकेल.

मॅन्युअल नसेल तर काय करायचं, हे मला विल्यम्सनी नाही शिकवलं. ते आमच्या भागात शिकायला मिळतं. कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा हे केळीच्या बागांचं गाव. केळीला पाणी लागतं, पाण्याला मोटार लागते, आणि कमी-जास्त व्होल्टेजमध्ये मोटार जळते. जळालेली मोटार भरून देणारा कारागीर जुनी गुंडाळी कापायच्या आधी काय करतो ते कधी नीट बघा. स्लॉट किती, कॉइल कुठून निघून कुठे जाते, एका कॉइलला वेढे किती, तारेचा गेज काय, हे तो मोजतो आणि वहीत लिहून घेतो. कापल्यावर हा पुरावा गेला तो गेला. कंपनीनं मॅन्युअल दिलं नाही, म्हणून तो मोडण्याआधी स्वतःचं मॅन्युअल लिहितो. पद्धतशास्त्राच्या कोर्सवर्कमध्ये याला मोठमोठी नावं आहेत. वहीवर तेलाचे डाग असतात, एवढाच फरक.

सीआरओच्या बाबतीत तर तुमचं नशीब आणखी चांगलं. दोन चॅनेलच्या यंत्रात दोन्ही इनपुट अँप्लिफायर जवळपास जुळे असतात. चॅनेल दोन मेलाय आणि चॅनेल एक चालतोय? मग चॅनेल एक हेच तुमचं मॅन्युअल. दोन्हींना एकच सिग्नल द्या, दोन्हींची बटणं सारखी ठेवा, आणि इनपुटपासून पुढे एकेका ठिकाणी व्होल्टेज ताडून पाहा. जिथे जुळे पहिल्यांदा वेगळे दिसतील, तिथे किंवा त्याच्या अगदी जवळ बिघाड. प्रयोगात 'कंट्रोल' का ठेवायचा हे पुस्तकात वाचून ज्यांना कळलं नाही त्यांना इथे अर्ध्या तासात कळतं. अर्थात पॉवर सप्लाय, स्वीप, जादा व्होल्टेजचा विभाग यांना जुळा नसतो. तिथे आकृतीच काढावी लागते, वही घेऊन, एकेक तार धरून.

जाता जाता: आतमध्ये हात घालण्याआधी कोणीतरी जाणकार शेजारी हवा. ४६५ मध्ये पिक्चर ट्यूबला साधारण १८ हजार व्होल्ट मिळतात, आणि स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटर भरलेलेच राहू शकतात. आणि ग्राउंडचा त्रास नको म्हणून सीआरओच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची जी आपल्याकडची थोर परंपरा आहे, ती कृपा करून बंद करा.

आता 'रिस्टोरेशन'च्या सध्याच्या फॅशनबद्दल. यंत्र आणलं की आधी सगळे कॅपॅसिटर बदलून टाकायचे, मग चालू करायचं, आणि चमकता ट्रेस दाखवायचा. दिसायला छान. पण ४६५ मधला एक नेहमीचा बिघाड घ्या: सप्लाय लाइनवरचा एखादा टँटलम कॅपॅसिटर शॉर्ट होतो आणि ती लाइन जमिनीला टेकते. मल्टिमीटरनं लाइनचा रोध मोजायचा, एकेक बोर्ड वेगळा करत जायचं, रोध कुठे सुटतो ते बघायचं. शेवटी हातात एक दोषी भाग येतो आणि एक कारण येतं. पन्नास भाग एकदम बदलले तर यंत्र चालू होईल, पण का बंद होतं ते कधीच कळणार नाही; वर नवीन डागणीच्या चुका शोधत बसावं लागेल ते निराळंच. १९५०च्या आसपासच्या ट्यूब यंत्रांतले कागदी कॅपॅसिटर मात्र हमखास गळतात, ते सरसकट बदलणं समजू शकतो. तिथे कारण आधीच ठाऊक असतं.

ट्रेस आला म्हणजे काम संपलं, हा दुसरा गैरसमज. सीआरओ दाखवतोय आणि सीआरओ मोजतोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या प्रबंधाला दुसरी लागते. २० मेगाहर्ट्झचा सीआरओ म्हणजे २० मेगाहर्ट्झला तरंगाची उंची खरीच्या ७१ टक्के दिसणारा सीआरओ. तिथे तुम्ही व्होल्ट मोजून तक्त्यात लिहिलेत तर ते सुमारे ३० टक्क्यांनी कमी लिहिलेत. हे यंत्र अगदी ठणठणीत असताना.

तपासायला श्रीमंत प्रयोगशाळा लागते का? इथे मी मॅन्युअलशीही भांडतो. या वर्गातल्या सीआरओची अचूकता सहसा ३ टक्के. त्याला तपासायला त्याहून बरंच चांगलं असं काहीही चालेल. देशाच्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायचा नियम आहे. क्षणभर ती बाहेर गेली तरी फरक टक्क्याच्या आतलाच. छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून ६ व्होल्टवर आणलेली घरची वीज म्हणजे टाइमबेसच्या सावकाश पट्ट्यांसाठी फुकटचं प्रमाण: एक आवर्तन २० मिलिसेकंदांत बसलंच पाहिजे. (आउटलेटला थेट प्रोब लावू नका.) वेगवान पट्ट्यांसाठी स्वस्त क्वार्ट्झ ऑसिलेटर. उभ्या अक्षासाठी नवा सेल आणि बरा डिजिटल मल्टिमीटर. औंढा नागनाथला उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियामुळे आपल्या जिल्ह्यातली मुलं मला हल्ली विचारतात की तिथे काम करायला काय शिकावं. चार किलोमीटरच्या भुजांच्या त्या यंत्रातही कोणाला तरी हेच ठरवावं लागणार आहे: दिसतंय ते आकाशातलं, की आपल्याच वायरिंगमधलं ५० हर्ट्झ?

राहिला बँडविड्थचा प्रश्न, आणि इथे विल्यम्सकडे परत जावं लागतं. १९९१च्या त्यांच्या ॲप्लिकेशन नोट ४७ मध्ये एका २एन२३६९ ट्रान्झिस्टरला ९० व्होल्टच्या आसपास अव्हलांच अवस्थेत नेऊन सुमारे ३५० पिकोसेकंदांत चढणारा पल्स काढला आहे. भाग मोजके, आणि ४६५ सारख्या १०० मेगाहर्ट्झच्या यंत्राला भरपूर वेगवान. तुमच्या २० मेगाहर्ट्झच्या यंत्राला एवढी चैन नको. ७४एसी१४ ही साधी लॉजिक आयसी जवळच कॅपॅसिटर लावून, आखूड तारांनी जोडली तरी तिची चढती कड पुरेशी वेगवान असते. स्वीपची दहापट करणारं बटण दाबा आणि १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत चढायला लागलेला वेळ मोजा. ०.३५ भागिले २० मेगाहर्ट्झ म्हणजे १७.५ नॅनोसेकंद आले पाहिजेत. २५ आले तर तुमच्या हातातला सीआरओ, पट्टीवर काहीही छापलेलं असो, १४ मेगाहर्ट्झचा आहे. तोच आकडा, तारीख आणि प्रोबचं नाव कागदावर लिहून यंत्राच्या बाजूला चिकटवा.