कानबानचे कार्ड : परवाना की नोंद? कार्यव्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

अनेकांनी मिळून करावयाच्या कामाचे नियोजन करणे आणि त्याच्या प्रगतीचा माग ठेवणे ही उद्योगजगताची जुनी गरज आहे. पोलंडमधील अभियंता कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्ये, तर अमेरिकेतील हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात या गरजेतूनच आपापले कार्य-आलेख सिद्ध केले. पुढे १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ‘पर्ट’ ही पद्धती विकसित झाली. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅटलासियन कंपनीने जिरा हे सॉफ्टवेअर आणले आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक कंपनीने ट्रेलो सादर केले. ट्रेलो ही कंपनी अ‍ॅटलासियनने २०१७ मध्ये ४२.५ कोटी डॉलरना विकत घेतली, यावरून या क्षेत्राचे आर्थिक महत्त्व लक्षात यावे.

या सॉफ्टवेअरचा प्रचलित चेहरा म्हणजे स्तंभांचा फळा. ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ अशा स्तंभांतून कामाची कार्डे पुढे सरकत जातात. या फळ्याचे मूळ जपानमधील कानबान पद्धतीत असल्याचे सांगितले जाते. मूळ पद्धतीतील कार्ड आणि पडद्यावरील कार्ड यांचे कार्य एकच आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्या अंगाने या सॉफ्टवेअरचे परीक्षण करण्याचा प्रयत्न केला आहे.

कानबानचे मूळ तत्त्व

कानबान या जपानी शब्दाचा अर्थ ‘पाटी’ असा आहे. टोयोटा कंपनीतील ताइइची ओनो (१९१२-१९९०) यांनी १९५३ च्या सुमारास आपल्या यंत्रशाळेत या पद्धतीचा पाया घातला. त्यांना कल्पना सुचली ती अमेरिकेतील सुपरमार्केटवरून. गिऱ्हाईक फळीवरून हवी तेवढी वस्तू उचलते आणि रिकामी झालेली जागाच पुन्हा भरली जाते. त्याच न्यायाने कारखान्यातील पुढचा विभाग मागच्या विभागाकडून आवश्यक तेवढेच सुटे भाग घेतो. घेतलेल्या भागांचे कार्ड मागे परत जाते आणि ते हाती आल्यावरच मागचा विभाग तेवढे नवे भाग तयार करतो.

येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावयास हवी. या व्यवस्थेत कार्ड हा उत्पादनाचा परवाना असतो. कार्ड नसेल तर कामगार मोकळा असूनही भाग तयार होत नाही. कार्डांची संख्या ठरलेली असल्यामुळे अर्धवट मालाचे ढीग साचत नाहीत. ही संख्या हळूहळू कमी करण्याचा आग्रहही ओनो यांनी धरला, कारण साठा आटला की त्याखाली झाकलेले दोष आपोआप उघडे पडतात. सारांश, कानबानचा प्राण मर्यादेत आहे. काम डोळ्यांना दिसणे हा त्या मर्यादेचा आनुषंगिक लाभ होय.

भिंतीवरून पडद्यावर

पडद्यावरील फळ्याने कार्ड घेतले, स्तंभ घेतले; मर्यादा मात्र ऐच्छिक ठेवली. ट्रेलोच्या मूळ रचनेत स्तंभातील कार्डांवर बंधन नव्हते. ते स्वतंत्र जोडसुविधेतून आले. जिरामध्ये स्तंभाची कमाल संख्या ठरवता येते, परंतु ती ओलांडली असता स्तंभाचा रंग बदलतो एवढेच. नवे कार्ड आत यायचे थांबत नाही. कारखान्यात कार्ड नसल्यास काम होत नसे. पडद्यावर कार्ड निर्माण करण्यास काही क्षण पुरतात आणि खर्च काहीच येत नाही. परिणामी जो परवाना होता त्याची केवळ नोंद झाली. परवाना कामाला आवर घालतो, तर नोंद कामाचा संचय करते. फळ्यावर शेकडो कार्डे महिनोन्‌महिने पडून असतात, याचे कारण या बदललेल्या स्वरूपात शोधावे लागेल.

यावर असा आक्षेप घेता येईल, की संगणकीय किंवा बौद्धिक काम म्हणजे एकसारखे सुटे भाग नव्हेत. तेथे कारखान्याचा नियम जसाच्या तसा लावणे अयोग्य आहे. आक्षेपात तथ्य आहे. तथापि, हाती एकाच वेळी किती कामे घ्यावीत हा प्रश्न बौद्धिक कामातही सुटत नाही, किंबहुना तो अधिक तीव्र होतो. अर्धवट यंत्रभागांचा ढीग निदान डोळ्यांना दिसतो. अर्धवट विचारांचा ढीग दिसत नाही.

हैदराबाद येथील उदाहरण

या संदर्भात भारतातील एक उदाहरण उद्बोधक ठरते. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत संगणकप्रणालींची देखभाल करणारा एक छोटा संघ २००४ च्या सुमारास हैदराबाद येथे कार्यरत होता. त्याची हकिकत डेव्हिड अँडरसन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कानबान’ या ग्रंथात नोंदवली आहे. संघ शिस्तबद्ध होता आणि त्याच्या कामाची मोजदाद काटेकोर होती. तरीही मागण्या पूर्ण होण्यास कित्येक महिने लागत आणि ग्राहक असमाधानी असत.

शोध घेता असे आढळले, की येणाऱ्या प्रत्येक नव्या मागणीचा अंदाज दोन दिवसांत देण्याचे बंधन संघावर होते. त्यासाठी अभियंत्यांना चालू काम बाजूला ठेवावे लागे. संघाच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक या अंदाजांतच खर्ची पडत असे, आणि अंदाज दिलेल्या मागण्यांपैकी अनेक कधीच हाती घेतल्या जात नसत. उपाय साधा होता. अंदाज देणे थांबवले गेले, हातातील मागण्यांची संख्या मर्यादित केली गेली आणि जागा रिकामी होईल तेव्हाच पुढची मागणी निवडण्याचे ठरले. महिन्यांचा कालावधी आठवड्यांवर आला.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, नोंद परिपूर्ण असूनही काम तुंबू शकते. किंबहुना माहिती पुरवण्याचे कामच मूळ कामाला गिळू शकते. कागदी घोडे नाचवण्याची आपल्या कचेऱ्यांतील जुनी रीत पडद्यावरही संभवते. दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरच्या बाजूची आहे. संघ हैदराबादला आणि ग्राहक अमेरिकेत असल्याने सर्वांना दिसेल अशी भिंत तेथे शक्यच नव्हती. मर्यादा पाळली गेली ती परस्परांच्या कराराने. म्हणजे दोष पडद्याचा नाही. मर्यादेचा करार न करता केवळ पडदा स्वीकारण्याचा आहे.

नोंद कोणासाठी?

दुसरा महत्त्वाचा प्रश्न नोंदीच्या वाचकाचा आहे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आय.बी.एम.मधील अनुभवाच्या आधारे १९७५ मध्ये लिहिलेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण केले आहे. कामाची स्थिती कळताच वरिष्ठ हस्तक्षेप करू लागले, तर कनिष्ठांकडून खरी स्थिती कळवली जाणे बंद होते. फळ्याच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. सहकाऱ्यांनी वाचावयाचा फळा ‘माझे काम येथे अडले आहे’ असे निःसंकोच सांगू शकतो. तोच फळा वेतनवाढीचा आधार ठरला, की एका कामाची पाच कार्डे होतात आणि अडलेले कार्डही सायंकाळपूर्वी एक घर पुढे सरकते.

पोलॅरिस प्रकल्पाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. हार्वे सॅपोल्स्की यांनी १९७२ मधील आपल्या अभ्यासात असे दाखवले, की पर्ट पद्धतीचा प्रत्यक्ष तांत्रिक कामाला झालेला उपयोग मर्यादित होता. कार्यक्षमतेची प्रतिमा निर्माण करून बाहेरील हस्तक्षेप दूर ठेवण्यास मात्र तिचे मोठे साहाय्य झाले. आराखडा कामासाठी आणि आराखडा दाखवण्यासाठी, हा भेद सॉफ्टवेअरच्या आधीपासूनचा आहे.

नोंदीत न मावणारे काम हा याच प्रश्नाचा आणखी एक पैलू होय. जिरामध्ये एका कामाला एकच उत्तरदायी व्यक्ती जोडली जाते. त्यामुळे जबाबदारी निश्चित होते, हा निःसंशय गुण आहे. परंतु अडलेल्या नवख्या सहकाऱ्याजवळ बसून दोन तास खर्च करणाऱ्या अनुभवी अभियंत्याचे त्या दिवशीचे काम कोणत्याच कार्डावर उमटत नाही. मूल्यमापन केवळ कार्डांवरून होऊ लागल्यास साहाय्य करणारा तोट्यात आणि स्वतःपुरते पाहणारा फायद्यात राहतो. ज्या सहकार्यासाठी हे साधन निर्माण झाले, त्याच सहकार्याला ते अशा रीतीने मारक ठरू शकते.

निष्कर्ष

या सॉफ्टवेअरची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. दूरदूरच्या ठिकाणी बसलेल्या व्यक्तींना एक सामायिक स्मृती त्याने दिली आणि २०२० च्या टाळेबंदीत तिचे मोल विशेष जाणवले. परंतु त्याच्या यशापयशाचा निकष किती कार्डे सरकली हा असू शकत नाही. हाती घ्यावयाच्या कामांची मर्यादा संघाने ठरवली आहे काय आणि वरिष्ठही ती पाळतात काय. अडलेले काम उघडपणे सांगणारा सुरक्षित आहे काय. आणि नोंद ठेवण्यात जाणारा वेळ मूळ कामाच्या मानाने किती आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून आहे. महाविद्यालयांतून व्यवस्थापन व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही साधने हाताळावयास शिकवताना हे प्रश्नही सोबत शिकवले जाणे गरजेचे आहे. ओनो यांच्या कारखान्यात कार्ड नसताना थांबण्याची मुभा कामगाराला होती. आजच्या फळ्यासमोर बसलेल्या अभियंत्याला ती आहे किंवा नाही, यावरूनच त्या फळ्याला कानबान म्हणावे की नुसता हजेरीपट, हे ठरेल.