स्वस्त कॅमेऱ्यातून काय वगळले?

उपकरण स्वस्त करायचे तर त्यातून काहीतरी कमी करावेच लागते. पाहायचे असते ते काय कमी केले हे. कॅनन कंपनीने २००३ साली आणलेला ईओएस ३००डी हा कॅमेरा या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. भिंगे बदलता येणारा हा डिजिटल एसएलआर कॅमेरा अमेरिकेत भिंगाशिवाय ८९९ डॉलरला मिळे. हजार डॉलरच्या आतला अशा प्रकारचा हा पहिलाच. त्याच वर्षी जाणकार हौशी मंडळींसाठी काढलेल्या १०डी ची किंमत होती १४९९ डॉलर. आणि दोन्हींच्या प्रकाशसंवेदकाचा आकार व क्षमता एकच: २२.७ × १५.१ मिलिमीटर, ६३ लाख बिंदू!

मग फरक कुठे होता? काही काटछाट उघड होती. १०डी चे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, तर याचे प्लॅस्टिकचे. व्ह्यूफाइंडरमध्ये भरीव काचेच्या लोलकाऐवजी आरसे बसवलेले; ते हलके व स्वस्त, पण प्रतिमा थोडी मंद दिसते. सलग नऊऐवजी चारच छायाचित्रे घेता येत. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

दुसरी काटछाट मात्र निराळ्या जातीची होती. समजा, आपल्याकडे धावत येणाऱ्या मुलीचे छायाचित्र घ्यायचे आहे. ती जवळ येईल तसा फोकस सतत बदलत राहायला हवा. ‘क्रीडा’ या तयार योजनेत ३००डी हे काम करी. पण तेथे शटरचा वेग कॅमेराच ठरवी. १/६० सेकंदाला हातपाय किती पुसट येतात, १/२५० ला किती, हे पाहण्यासाठी वेग आपण ठरवू लागलो, की फोकसची पद्धत निवडणे कॅमेरा स्वतःकडे घेई. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, हे आपण मुलांना शिकवतो. नेमके तेच येथे करता येत नसे. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडणाऱ्यांची अडचण वेगळी. आतला आरसा उचलला जाताना बसणाऱ्या हिसक्याने चित्र हलते, म्हणून तो आधीच उचलून ठेवायचा असतो. ती सोयही नव्हती.

हे भाग महाग म्हणून वगळले होते का? नाही. काही हौशी संगणकज्ञांनी कॅमेऱ्यातील आज्ञावलीत फेरफार केला आणि आरसा आधी उचलून ठेवणे, फ्लॅशचा प्रकाश कमीजास्त करणे अशा सोयी त्याच कॅमेऱ्यात चालू झाल्या. यंत्रणा होतीच; तिला आज्ञा मिळत नव्हती, इतकेच.

कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. एवढा मोठा संवेदक बनवणे खर्चाचे, आणि तो खूप कॅमेऱ्यांत वापरला तरच परवडतो. दोन्ही कॅमेरे सारखेच असते तर १०डी कोणी घेतला असता? कुंपण घालणे भागच होते. माझा आक्षेप आहे तो कुंपणाच्या जागेवर. नवखा ग्राहक म्हणजे फक्त बटण दाबणारा, असे येथे गृहीत धरले होते. वस्तुतः तो शिकणारा असतो, आणि स्वतः ठरवून चुकण्याची मुभा त्यालाच अधिक लागते.

२००४ साली निकॉनने जवळपास त्याच किमतीच्या डी७० मध्ये फोकसची व प्रकाशमापनाची पद्धत निवडण्याची मुभा दिली. २००५ साली कॅननच्या ३५०डी मध्ये या सोयी आल्या, शिवाय आरसा उचलून ठेवण्याचीही. स्पर्धक दारात उभा राहिल्यावर कुंपण सरकवता आले!

शाळेसाठी जुना कॅमेरा घेताना बिंदूंची संख्या नंतर विचारा. आधी शटरचा वेग स्वतः ठरवा आणि त्याच वेळी सतत बदलणारा फोकस निवडता येतो का, ते दुकानातच पाहून घ्या.