श्रमदानाने पाणी वाढलं, हे सिद्ध कसं करायचं?

पाणलोटावर रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हमखास आठवतं. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजना आली. श्रमदान आणि सरकारी निधी यांच्या जोडीने डोंगरउतारावर सलग समतल चर खणले गेले, झाडं लागली. जेमतेम ४०० मिमीच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात विहिरींना पाणी टिकू लागलं. मग तुमच्या प्रपोजलमध्ये वाक्य येतं: "श्रमदानामुळे भूजल पातळी वाढली." माझा आक्षेप कामावर नाही, या 'मुळे'वर आहे.

आधी साधं गणित करू. आपल्याकडचा खडक बेसाल्ट. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येईल असं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच. २ टक्के धरा. १ हेक्टरखाली पातळी १ मीटर वाढली, तर साठा वाढला फक्त २ लाख लिटर. म्हणजे २० मिमी पाणी मुरलं. एवढा फरक एका चांगल्या पावसाळ्यानेही पडतो! त्यामुळे "पातळी १ मीटर वाढली" हे ऐकायला मोठं वाटलं, तरी त्यावरून चरांचं श्रेय ठरत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. हिवरे बाजारने नुसतं पाणी मुरवलं नाही, उपसाही आवरला. शेतीसाठी बोअरवेल नाही, उसासारखी पिकं नाहीत, आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचं नियोजन. मग पाणी टिकलं ते चरांमुळे की नियमांमुळे? एकाच गावाचे 'आधी-नंतर' आकडे याचं उत्तर देऊ शकत नाहीत.

हा नुसता काथ्याकूट नाही. अभ्याससहलीला गेलेल्या माणसाला चर दिसतात, नियम दिसत नाहीत. त्यामुळे नक्कल होते ती चरांची. २०१४ साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर हजारो कोटी खर्च झाले, तरी भूजल पातळीवर फारसा परिणाम झाला नाही, असं कॅगने २०२० च्या अहवालात नोंदवलं.

तुमचा विषय नदीकाठचं पूरमैदान पुन्हा जिवंत करण्याचा असो वा स्वयंसेवकांनी केलेल्या निसर्गवाटेचा, अडचण हीच. किती झाडं लावली, किती किलोमीटर वाट झाली, हा कामाचा हिशोब झाला. परिणाम दाखवायचा तर काम सुरू होण्याआधीच्या नोंदी हव्यात. तसाच खडक, तसाच पाऊस, पण काम न झालेलं शेजारचं ठिकाण तुलनेला हवं. पाण्याचा प्रश्न असेल तर उपशाची नोंदही हवी. यातलं काही मिळत नसेल, तर 'मुळे' काढा आणि 'नंतर' लिहा. गाइडला वाक्य कमी दमदार वाटेल कदाचित, पण व्हायव्हात तुम्हाला त्याचा बचाव करता येईल.