खडकांतलीं घंटाफुलें

बागाइतीवरील ग्रंथाचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. रेजिनल्ड फॅरर (१८८०–१९२०) याचा ‘दि इंग्लिश रॉक-गार्डन’ हा द्विखंडात्मक ग्रंथ मीं यंदा मे महिन्याच्या सुटींत पुन्हां वाचला. दारें लोटलेलीं, वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडलेलें आणि घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, अशा त्या दुपारीं. यांतील बहुतेक रोपें माझ्या परसांत आठवडाभरहि टिकणार नाहींत. तरी ग्रंथ खालीं ठेववेना.

वस्तुतः हा कोश आहे. वनस्पतींचीं नांवें वर्णानुक्रमानें दिलेलीं. पण पहिल्या खंडांतील ‘कॅम्पॅन्युला’ हें प्रकरण पाहा. लॅटिनमध्यें या नांवाचा अर्थच लहान घंटा. आल्प्सच्या उंचीवरील जाती वीतभरहि वाढत नाहींत. चुनखडीच्या फटींत मुळें खुपसून त्या हिवाळाभर कोरड्या बर्फाखालीं निजतात. इंग्लंडांत त्यांना थंडी मारीत नाहीं, हिवाळ्यांतली ओल मारते. म्हणून पाणी झरझर निथळून जाईल अशी खडीच त्यांना अंथरावी लागते. त्यांतली झोयसी ही जात तर नवलाची. इतर घंटांचीं तोंडें उघडीं असतात. हिचें चुण्या घालून मिटलेलें. शिवाय गोगलगायींना हिची भारीच आवड! अशा रोपांकडे फॅरर कादंबरीकार पात्रांकडे पाहतो तसा पाहतो. त्यांचे रुसवे, हट्ट, कुलशील हीं सारीं त्याला ठाऊक. त्याचें विशेषण जेथें नेमकें बसतें तेथें फूल डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि तेवढ्यापुरता हा कोश निःसंशय वाङ्मय आहे.

मात्र विशेषणांचा त्याला मोह फार. नावडत्या रोपाची तो टवाळी करतो ती पहिल्यांदा गंमतीची वाटते, दहाव्यांदा कंटाळवाणी. गर्ट्रूड जेकिलबाईंचें ‘वॉल अँड वॉटर गार्डन्स’ (१९०१) याहून कितीतरी संयमी आहे. बाग करावयाची तर मी जेकिलबाईंचा सल्ला घेईन.

माझ्या एका जुन्या मताची दुरुस्तीहि येथेंच केली पाहिजे. हा ग्रंथ म्हणजे घरीं स्वस्थ बसलेल्या माणसाची तृप्ति, असें मीं वर्गांत अनेकदां सांगितलें आहे. परंतु यॉर्कशायरांतील क्लॅपहॅम येथें घर, बाग, रोपवाटिका असून फॅरर तेथें ठरला कोठें? बंदुकींत बिया भरून त्यानें घराजवळच्या कड्यावर झाडल्या, असें सांगतात. ग्रंथ १९१३ त लिहिला. १९१४ त स्वारी चीनच्या कान्सू प्रांतांत. युद्धामुळें ग्रंथ निघाला १९१९ त; त्याच वर्षीं तो ब्रह्मदेशीं गेला आणि १९२० त उत्तर ब्रह्मदेशाच्या डोंगरांतच वारला. हें ध्यानांत ठेवून घंटाफुलांचीं तीं पानें मीं पुन्हां चाळलीं. ओळीओळींत उतावीळ आहे. स्वस्थता होती ती माझ्या माजघराची.