वारसा कुणाचा? : सेव्हिलमधील एका फ्लामेंको मैफलीच्या निमित्ताने

'अंदलूस' हा शब्द आपल्याकडे कुणी साध्या आवाजात उच्चारत नाही. डॉ. इक्बाल १९३३ साली कुर्तुब्याच्या जुन्या मशिदीत गेले, तिथे त्यांनी नमाज अदा केली आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म लिहिली. 'बाल-ए-जिब्रील' या १९३५ च्या संग्रहातून ती उर्दू वाचणाऱ्या घराघरांत पोचली. तेव्हापासून स्पेन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देश उभा राहत नाही, गमावलेली हवेली उभी राहते. त्या हवेलीतून अजून ऐकू येणारा सूर म्हणजे फ्लामेंको, असे आपल्यातली जाणती माणसेही छातीठोकपणे सांगतात. 'ओले' म्हणजे 'अल्लाह', गिटार म्हणजे ऊद, गाणाऱ्याची हाक म्हणजे अजान. थोडक्यात, माल आपला, दुकानावरची पाटी तेवढी बदललेली! २०११ च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' या चित्रपटातल्या 'सेन्योरिटा' गाण्यामुळे फ्लामेंको आपल्या तरुण मुलांच्याही कानावर गेला आणि या दाव्याला नवे श्रोते मिळाले.

सेव्हिल शहरात एका संध्याकाळी लहानशा जागेतला फ्लामेंको आम्ही ऐकला. तिथे काय ऐकले आणि आपला दावा कितपत टिकतो, या दोन गोष्टी इथे मांडायच्या आहेत. त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, कारण हक्क सांगायला उतावीळ झालेला कान नीट ऐकत नाही.

जागा म्हणजे जुन्या घराचा चौक. मध्ये लाकडी फळ्यांचा बुटका मंच, तीन बाजूंनी साठ-सत्तर खुर्च्या. मायक्रोफोन नाही. कलावंत चार : गिटारवादक, गायक, एक नर्तक आणि एक नर्तकी. ज्याची पाळी नसेल त्याने टाळ्यांचा ठेका धरायचा. या टाळ्यांना 'पाल्मास' म्हणतात आणि ते स्वतंत्र कसब आहे. ओंजळीसारखे तळवे करून दबका आवाज काढायचा, की बोटे तळव्यावर आपटून टणक आवाज काढायचा, हे त्या क्षणी गाणे चालले आहे की पायकाम, यावर ठरते. आपल्या कव्वालीच्या टाळीत जोर असतो, सगळे एकत्र वाजवतात. इथे एकाची टाळी दुसऱ्याच्या दोन टाळ्यांमधल्या फटीत बसते. मायक्रोफोन नसल्यामुळे ही फट कानाला कळते. मोठ्या सभागृहात ती हरवते. लहान जागेचे खरे महत्त्व हे आहे, मेणबत्त्या आणि विटांच्या भिंती हे नव्हे.

सुरुवात एकट्या गिटारने झाली. वादकाची बोटे तयार होती, पण त्याला ते आपल्याला सांगायचे होते. पाको दे लुसिया (१९४७–२०१४) यांच्यानंतर प्रत्येक तरुण वादकाला वेगाचा मोह पडतो, तो इथेही दिसला. मग 'आलेग्रियास' आला. हा कादिस बंदराकडचा आनंदी प्रकार. नर्तक चपळ होता आणि लोक खूश झाले. इथवरचा कार्यक्रम चांगला होता, पण असा कार्यक्रम कुठेही बघता येतो.

खरी मैफल सुरू झाली ती गिटार खाली ठेवल्यावर. गायकाने 'मार्तिनेते' म्हटले. लोहाराच्या भट्टीशी जोडलेला हा प्रकार कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय गातात. पन्नाशीचा माणूस, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. शब्द यायच्या आधी नुसते 'आय्' येते आणि ते लांबत, वळसे घेत, मध्येच तुटत जाते. आवाज गोड नाही, खरखरीत आहे. या गाण्यात गोड आवाजाला फारशी किंमत नाही. गळा फाटेल की काय अशा जागी जाऊन तो फाटू न देणे, हे कसब आहे. त्यांना 'कांते होंदो' म्हणजे खोल गाणे असे का म्हणतात, ते अशा वेळी कोश न उघडता समजते.

शेवटी नर्तकीने 'सोलेआ' केला. त्याचे आवर्तन बारा मात्रांचे. आपल्या एकतालाच्याही बाराच मात्रा, पण इथे जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर पडतो. म्हणजे आधी दोन लांब पावले आणि मग तीन आखूड. ही चाल अंगात मुरलेली नसेल तर पाहणाऱ्याचा तोल जातो. आमच्या मागे बसलेली काही पर्यटक मंडळी हौसेने टाळ्या देऊ लागली आणि गायकाने नुसती मान हलवून त्यांना थांबवले. नर्तकी गाण्यावर नाचत नाही. गायक तिच्या पायांकडे पाहत गातो, ती थांबली की ओळ सोडतो, तिने टाचेने हाक दिली की गिटार वळते. मंचाची सूत्रे तिच्या हाती असतात. गाण्याची ओळ चालू असताना ती जवळजवळ स्थिर उभी राहिली, फक्त मनगटे फिरत होती. हे आम्हाला तिच्या सगळ्या पायकामापेक्षा मोठे वाटले. दुसऱ्याचा शब्द संपेपर्यंत थांबणे नृत्यात फार अवघड असते.

उर्दू शायरीची सवय असलेल्या माणसाला या गाण्याची एक गोष्ट चटकन ओळखीची वाटेल. तीन-चार ओळींचे कडवे, त्याला 'कोप्ला' म्हणतात, स्वतःत पूर्ण असते. गायक एकामागून एक कडवी घेतो. एक आईच्या मरणाचे, पुढचे तुरुंगाचे, तिसरे प्रेमातल्या टोमण्याचे. विषयाचा धागा नाही. त्यांना बांधते ती चाल आणि ताल. गजलेत शेर जसे बहर आणि रदीफ-काफियाच्या दोरीत राहतात, तसेच हे. दादही तशीच. 'ओले', 'वामोस' अशी दाद आधी सहकलावंत देतात आणि मग श्रोते. मुशायऱ्यात चुकीच्या जागी 'वाह' म्हणणारा जसा लगेच ओळखू येतो, तसाच तिथेही येतो.

आता उणे काय होते तेही सांगितले पाहिजे. कार्यक्रम तासाभराचा आणि त्यानंतर लगेच दुसऱ्या खेळाची रांग. या घाईत गायकाला प्रत्येक प्रकारात दोन-तीनच कडवी मिळतात. लोकांना पायकाम कळते, म्हणून तेच वाढते आणि गाणे आखडते. सहकलावंतांची दादही काही ठिकाणी ठरवून दिल्यासारखी वाटली. अँदालुसियात 'पेन्या' नावाची रसिकांची मंडळे आहेत. ग्रानादाची 'ला प्लातेरिया' ही त्यांतली सर्वांत जुनी, १९४९ पासूनची. तिथे गाण्याला आधी श्रोते असतात, मग प्रेक्षक. पर्यटकांसाठीच्या खेळाला सरसकट नावे ठेवण्यात मात्र अर्थ नाही. तिकीट काढून ऐकण्याची प्रथा जुनी आहे. सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती या थोर गायकाने १८८१ साली सेव्हिलमध्ये याच कामासाठी कॅफे काढले होते. कलावंतालाही घर चालवायचे असते.

आता आपल्या दाव्याकडे वळू. या गाण्याचे सूर अनेकदा आपल्या भैरवीच्या जवळ जातात, कधी अरबी 'हिजाज'ची आठवण देतात, हे खरे. पण चेहरा जुळला म्हणून नाते सिद्ध होत नाही. 'ओले'चे मूळ 'अल्लाह'त आहे यावर भाषाशास्त्रज्ञांचे एकमत नाही. लोर्का या कवीने १९३३ च्या आपल्या व्याख्यानात दोन्ही उद्गार शेजारी ठेवले, पण ते कवीचे कान होते. ब्लास इन्फान्ते या अँदालुसियन विचारवंताने तर 'फ्लामेंको' हा शब्दच अरबी 'फल्लाह' म्हणजे शेतकरी यावरून, हाकलल्या गेलेल्या मुस्लिम शेतकऱ्यांवरून आला, असे मांडले. इन्फान्ते यांना १९३६ मध्ये फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी गोळ्या घातल्या. माणूस मोठा होता, पण या व्युत्पत्तीला कागदोपत्री आधार मिळालेला नाही.

तारखा पाहा. ग्रानादा पडले २ जानेवारी १४९२ ला. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना, म्हणजे मोरिस्कोंना, १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर काढले. तीन लाखांच्या आसपास माणसे गेली. आणि सेव्हिलच्या त्रियाना वस्तीतल्या नाचगाण्याच्या बैठकीचे प्रसिद्ध वर्णन एस्तेबानेस काल्देरोन यांच्या पुस्तकात येते ते १८४७ साली. मध्ये दोनशेहून अधिक वर्षे. या काळात काहीच झिरपले नसेल असे कुणी म्हणणार नाही, पण मालकीची सनद त्यातून निघत नाही. अंदलूसचे दरबारी संगीत ज्यांनी सांभाळले ते फेझ, तलेमसान आणि ट्युनिसचे गायक. तिथे ते आजही त्याच नावाने गायले जाते. वारसाच शोधायचा तर रस्ता तिकडे जातो.

मग फ्लामेंको कुणाचा? तो अँदालुसियातल्या गरिबांचा, आणि त्यातही विशेष करून हितानोंचा, म्हणजे स्पेनमधल्या रोमा लोकांचा. १४९९ साली, ग्रानादा घेणाऱ्या त्याच फर्नांडो-इसाबेलांनी हितानोंना फर्मावले, साठ दिवसांत एका जागी स्थिर व्हा, कामधंदा धरा, नाहीतर फटके आणि हद्दपारी. १७४९ च्या जुलैत एका रात्रीत देशभर धरपकड झाली. पुरुष एकीकडे, बायका-मुले दुसरीकडे. शेवटच्यांची सुटका व्हायला १७६५ उजाडले. तुरुंगाची आणि भट्टीची गाणी हवेतून आलेली नाहीत. एल लेब्रिहानो या हितानो गायकाने १९७६ मध्ये 'पेर्सेकुसिओन' नावाची ध्वनिमुद्रिका काढली, ती याच छळाची कहाणी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्रियानातल्या हितानो कुटुंबांना शहराच्या कडेला हलवले. गाणे शहराची शान ठरले आणि गाणारे वस्तीतून उठले. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीचा वारसा म्हटले, तेव्हा हा हिशेब कुणी मांडला नाही.

आपल्याकडे दुसराही एक दावा चालतो. रोमा लोक हिंदुस्थानातून गेले, तेव्हा फ्लामेंको म्हणजे आपलाच कथक! रोमांची भाषा भारतीय आर्यकुळातली आहे हे निश्चित. हितानोंच्या बोलीत पाण्याला आजही 'पान्यी' म्हणतात. एवढ्या प्रवासात पाणी तेवढे टिकले, हे ऐकून कुणालाही भरून येईल. पण शेकडो वर्षे फटके खाल्ले त्यांनी आणि श्रेय घ्यायचे आपण, हा न्याय नव्हे. पहिला दावा धर्माच्या नावाने, दुसरा देशाच्या नावाने. दोन्हींत गाणारा माणूस गायब.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत जवळचा वाटलेला माणूस फ्लामेंकोच्या कितीतरी आधीचा आहे. १५६७ साली दुसऱ्या फिलिपच्या फर्मानाने ग्रानादातल्या मोरिस्कोंची अरबी भाषा, पोशाख, हमामे आणि 'साम्ब्रा' हे त्यांचे नाचगाणे बंद करायचे ठरवले. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येस मुले या वृद्ध मोरिस्कोने सरकारदरबारी अर्ज केला. त्याचे म्हणणे असे, की साम्ब्रा हा इस्लामचा विधी नाही. तुर्कांकडे किंवा मोरोक्कोत ती अशी नसते. ती ग्रानादा प्रांताची रीत आहे, आणि पूर्वीच्या आर्चबिशपच्या काळात ती ख्रिस्ती मिरवणुकीतही वाजत असे. अर्ज फेटाळला गेला. त्यानंतर बंड झाले, ते चिरडले गेले. साम्ब्रा हे नाव मात्र उरले. आज ग्रानादाच्या साक्रोमोन्ते टेकडीवरच्या गुहांमध्ये हितानो कलावंत त्याच नावाने खेळ करतात.

नुन्येस मुलेचा हा युक्तिवाद आपल्याला अनोळखी नाही. मराठी मुसलमान लेखक नेमके हेच सांगत आला आहे. भाषा प्रांताची असते, मजहबची नव्हे. शेख महंमदांचे अभंग आणि शाहीर अमर शेखांचा पोवाडा याच मातीतले आहेत. 'तुमची भाषा तर उर्दू' असे म्हणून आपल्याला बाहेर बसवणाऱ्यांना आपण याच तत्त्वावर उत्तर देतो. उर्दूत शिकवणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या आम्हाला तर हे उत्तर वारंवार द्यावे लागते. जे तत्त्व आपल्या अंगणात आपले रक्षण करते, ते सेव्हिलच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवता येणार नाही. साम्ब्रा ग्रानादाची होती, इस्लामची नव्हे, हे मान्य असेल, तर फ्लामेंको त्रियानाचा आणि हेरेसचा आहे, हेही मान्य केले पाहिजे.

याचा अर्थ आपण परके झालो असा नाही. नाते जोडण्याचे दुसरे मार्ग आहेत. लेब्रिहानोने १९८५ मध्ये तांजियरच्या अंदलुसी वाद्यवृंदाबरोबर गायन केले. पाकिस्तानचे कव्वाल फैज अली फैज आणि मिगेल पोवेदा, दुकेंदे हे फ्लामेंको गायक एका मंचावर बसले. तिथे कुणी कुणाच्या दस्तऐवजाची मागणी केली नाही. एकाने गायले, दुसऱ्याने ऐकून उत्तर दिले.

कुर्तुब्याच्या कमानींखाली उभे राहून ज्याचे डोळे भरतील त्याचे खुशाल भरू देत. ते दुःख खरे आहे आणि इक्बालांनी त्याला भाषा दिली आहे. पण लाकडी मंचावर बसलेला तो पन्नाशीचा माणूस आपले दुःख गात नव्हता, स्वतःचे गात होता. ते त्याचेच आहे असे मानून ऐकणे, ही त्याला देता येण्यासारखी सर्वांत मोठी दाद आहे.